लाल दोऱ्याची बाटली

पनवेलच्या एका दवाखान्यात मी बावीस वर्षं कंपाउंडर होतो. पन्नास-साठच्या काळातली गोष्ट. ताप-खोकल्याचे पेशंट मी केव्हाच विसरलो. पण तोंडाला काही झालेला माणूस विसरता येत नाही, कारण तो तेच तोंड घेऊन समोर बसतो आणि आपल्याला हसायची सोय नसते. असे न हसलेले किस्से साठत जातात. आता गुडघे गेलेत, दुसरं काही होत नाही, म्हणून सांगत बसतो.

*

तेव्हा प्यायच्या औषधाच्या बाटलीवर डोस कळावा म्हणून कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायची पद्धत होती. दिवसाला शंभर पट्ट्या चिकटवून हात आपोआप चालायचा. एकदा उन्हाने सोललेल्या तोंडावर लावायच्या गुलाबी लोशनलाही मी पट्टी चिकटवली. पेशंट म्हणजे होडीवरचा एक म्हातारा कोळी. चार दिवसांनी रिकामी बाटली घेऊन हजर.

"बरं वाटलं का बाबा?"

"तोंडाचं म्हायती नाय. प्वाट मातर थंड हाय."

त्या दिवसापासून लावायच्या बाटलीच्या मानेला मी लाल दोरा बांधायला लागलो. पेशंटला वाचता येवो न येवो, लाल दोरा म्हणजे प्यायचं नाही.

*

जनी बेलपाड्याची. मिठागरावर काम करणारी, वीस वर्षांची. वरून ऊन, खालून मिठाचा चकाकता पांढरा उजेड. नाकाची साल निघालेली, गाल काळे पडून तडकलेले. दोन ठिकाणांहून "पोरगी काळी" म्हणून नकार आला होता. आता तिसरं स्थळ उरणकडचं. मुलगा मीठ वाहणाऱ्या मोठ्या होडीवर, मचव्यावर होता, जनीने त्याला बंदरावर पाहिलेलं, आणि तिला तोच हवा होता. हे तिने आईसमोर सांगितलं, मान वर करून.

डॉक्टर म्हणाले, "महिनाभर मिठागरावर जायचं नाही."

आई म्हणाली, "मंग मीट कोन काडल? तुमी?"

मग डॉक्टर म्हणाले, तोंडाला ओलं फडकं बांध, सकाळ-संध्याकाळ लोशन, झोपताना खोबरेल, आणि डोक्यावर सावलीचं काहीतरी घे. मी लाल दोरा बांधून बाटली दिली.

*

एक मास्तर होते. त्यांना सगळं माहीत असायचं. शाळा तपासायला साहेब येणार म्हणून सकाळी तोंडाला लिंबू चोळलं आणि हार घेऊन उन्हात फाटकात उभे राहिले. साहेब तीन तास उशिरा आले. दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या तोंडावर डागांची बेटंच बेटं. वर दवाखान्यात येऊन डॉक्टरांनाच समजावत होते, की लिंबू कातडीला उत्तम. पुढे भूगोलाच्या तासाला पोरं फळ्याकडे बघेनाशी झाली म्हणे.

*

जनीने सावलीचं काय घ्यावं? इरलं. लावणीच्या वेळी पावसात पाठीवर घ्यायचं, पानांचं, ते इरलं. भर चैत्रात इरलं घालून, तोंड बांधून ती मीठ ओढायची. बाया ओरडायच्या, "जने, पाऊस कंदी येनार गो?" ती इरलं सारखं करून पुढच्या मिठाकडे वळायची. दर आठवड्याला रिकामी बाटली घेऊन चालत यायची आणि भरून घेऊन जायची.

*

आमचे डॉक्टर सगळ्यांना टोपी घाला म्हणून सांगत आणि स्वतः उघड्या डोक्याने सायकलवर व्हिजिटला जात. नाक कायम सोललेलं. एकदा न राहवून मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्हीही लावा की लोशन."

"मला कोण बघायला येणार आहे?" म्हणाले.

खरंच होतं ते. पाच वर्षांपूर्वी बायको गेली होती त्यांची. मी उगाच बोललो.

*

जनीचं तोंड महिन्यात असं निवळलं, की मला माझ्या हाताचा अभिमान वाटला. पाहुणे येऊन गेले. दुसऱ्या दिवशी तिच्या आईने अर्धी भरलेली बाटली टेबलावर आणून ठेवली.

"नको म्हंगाले."

मुलाची आई स्वतः मिठागरावरची. तिने जनीची हनुवटी धरून तोंड दाराच्या उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, "पोर देखनी हाय. पन हिच्या तोंडाव ऊन नाय. बसून खानारी सून आमाला नको." जनीने हाताचे घट्टे दाखवले, शेजारी शपथेवर सांगत होते की पोर मिठागरावर राबते, पण बाई उठली ती उठलीच.

औषध लागू पडल्याचं वाईट वाटलं, ते आयुष्यात तेवढं एकदाच. डॉक्टर त्या दिवशी चहासुद्धा प्यायले नाहीत.

*

तीन आठवड्यांनी जनी एकटीच आली. नाक पार सोललेलं, गाल पहिल्यापेक्षा काळे, ओठ फुटलेले. डॉक्टर खुर्चीतून उठले.

"अगं, काय लावलंस तोंडाला?"

"ऊन," ती म्हणाली.

फडकं नाही, इरलं नाही. मचव्यावर मीठ भरायच्या दिवशी मुलाची आई बंदरावर आली होती, तेव्हा जनीने मुद्दाम तिच्या समोरून मिठाच्या तीन खेपा टाकल्या. चौथ्या खेपेला त्या बाईनेच हाक मारली.

"जमला," जनी म्हणाली आणि फुटलेल्या ओठांनी हसली. "पंदरा दिसांनी हलद हाय. तवर बरा करा."

मी लोशनची बाटली काढली, लाल दोरा बांधायला घेतला. ती दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"पन अर्दाच करा हां, डाक्टर. हलदीला सासू येनार हाय."