पाचवी काच, न उघडलेली

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. हे वाक्य या सदरातला प्रत्येक जण लिहितो आणि चार ओळींनंतर विसरतो, हे मला ठाऊक आहे. मी विसरणार नाही. मी लिहायला बसलो आहे तो कोणाला घाबरवण्यासाठी नव्हे, तर विद्यानगरात राहणारे माझे पुतणे श्रीधर यांनी गेल्या अंकात माझ्याच अनुभवाची जी मोडतोड केली आहे, ती दुरुस्त करण्यासाठी. श्रीधर त्या वेळी जन्मलेले नव्हते. मी तिथे उभा होतो.

पोलीस ॲक्शन होऊन काही आठवडे झाले होते. निजामी अंमल संपला होता, पण लोक अजून दाराला आतून दोन-दोन कड्या घालत. मी सिकंदराबादेतल्या एका स्टुडिओत फोटोग्राफर होतो. माझी पत्नी मालती घरी बसून फोटोंना रंग भरत असे. रंगीत फिल्म आमच्या आवाक्याबाहेरची. काळ्या-पांढऱ्या छापावर हाताने रंग चढवायचा, हीच त्या काळची रीत. तिच्यासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही.

मालतीला एकच भाऊ, दिगंबर. निजामाविरुद्धच्या चळवळीत तो सरहद्दीवरच्या कॅम्पात गेला आणि उन्हाळ्यापासून त्याचा पत्ता नव्हता. भाऊबीज आली. माझी आई म्हणाली, "भाऊ जवळ नसला की चंद्राला ओवाळतात. तेवढं कर, पोरी." मालती ताडकन म्हणाली, "चंद्राला ओवाळलं की दादा नाही, असं मीच म्हटल्यासारखं होईल. मी नाही ओवाळणार." सणाच्या दिवशी घरात चूल पेटेना. म्हणून मी तिला घेऊन बाहेर पडलो.

मीर आलम तलावाच्या पलीकडे तेव्हा एक लहान तळे होते. आज तिथे वसाहत आहे. शोधायला जाऊ नये. तळे कोयत्यासारखे वळलेले. उजवीकडचा काठ दूर, तिथे देशी बदामाची झाडे, पाने तांबडी पडू लागलेली. मधे सीताफळीची पिवळी झुडपे, सोनेरी गवत. डावीकडे काठ वळत वळत थेट जवळ येई आणि तिथे दगडी पायऱ्या. हा सगळा पट्टा, वरचे रंग आणि पाण्यातले रंग, पाच काचांवर, म्हणजे काचेच्या निगेटिव्हवर, घेऊन एकाला एक जोडायचा आणि मालतीने तो रंगवायचा, असा माझा बेत होता. रंग डोळ्यांत साठवून घ्यायला ती सोबत हवीच होती.

टांगेवाल्याने माझी पेटी आणि तिपाई पाहून विचारले, "रियासत तो गई साब, अब तालाब बी उठा के ले जारे क्या?" मालती हसली. कित्येक महिन्यांनी हसली, म्हणून हे लिहितो आहे.

दुपार कलली होती. वारा नव्हता. मालतीला मी डावीकडच्या पायरीवर बसवले आणि कॅमेरा उजव्या टोकाला वळवला.

इथे श्रीधर पहिली चूक करतात. ते लिहितात, "काकांनी नेहमीप्रमाणे डावीकडून सुरुवात केली." कोणाच्या नेहमीप्रमाणे? आमच्या पिढीचे शिक्षण या राज्यात उर्दूतून झाले. पाटीवर असो, कॅमेऱ्यावर असो, माझा हात उजवीकडूनच सुरू होई. स्टुडिओत त्यावरून माझी थट्टा होत असे. हा फरक क्षुल्लक नाही, आणि का नाही ते पुढे कळेल.

तिपाईवरच्या कॅमेऱ्यात मागे दुधी काच असते. काळे कापड डोक्यावर घेऊन तिच्यात पाहायचे, आणि तिच्यात सगळे उलटे दिसते — झाडे खाली लोंबकळतात. पण समोर पाणी असेल तर गंमत होते. झाडे उलटी, आणि पाण्यातली प्रतिबिंबे मात्र सुलटी! काचेत खरे जग डोक्यावर उभे आणि पाण्यातले पायांवर.

पहिल्या काचेच्या वेळी त्या सुलट्या जगात, बदामाखाली, एक माणूस उभा दिसला. मी कापडाबाहेर डोके काढून ओरडलो, "ओ भाई, हटो वहाँ से!"

"अहो, कुणाला ओरडताय?" मालती पायरीवरून हसत म्हणाली. "तिथे चिटपाखरू नाहीये."

खरेच नव्हते. काठ मोकळा. मी पुन्हा कापडात शिरलो. पाण्यात तो होता.

भिंगावर डाग असेल, असे मी ठरवले. पुसले. प्रकाश अडवणारे झाकण ओढून काच उघडली आणि फोटो घेतला. दुसऱ्या चौकटीत तो झुडपांपाशी आलेला. तिसरीत गवतापाशी. काठाच्या वळणाने तो येत होता, दर चौकटीत मोठा होत. वर, खऱ्या काठावर, गवताचे पातेही हलत नव्हते. चौथ्या वेळी दिसले की त्याने मिटलेली छत्री नांगरासारखी खांद्यावर टाकली होती. तशी छत्री घेऊन चालणारा माणूस माझ्या माहितीत एकच होता.

श्रीधर म्हणतात, कोणी वाटसरू पायऱ्यांवरून उठून बदामाकडे चालत *गेला*. डावीकडून फोटो घेतले असते तर तसेच दिसले असते, मान्य. पण मी उजवीकडून घेत होतो. तो जात नव्हता. तो येत होता.

पाचवी चौकट मालतीची. मी कॅमेरा पायऱ्यांवर वळवला. काचेत मालती उलटी, समोरच्या झाडांकडे पाहत बसलेली. पाण्यात मालती सुलटी. आणि तिच्या शेजारी तो, छत्री गुडघ्यांवर आडवी ठेवून. पायरीवरची मालती झाडांकडे पाहत होती. पाण्यातली मालती त्याच्याकडे वळून बोलत होती.

मी काचेचे झाकण ओढले नाही. बटण दाबले नाही. धावलो आणि तिला दंडाला धरून वर ओढले.

"अहो, हात सोडा! बांगडी फुटली! झालं काय?"

"पाऊस येईल."

"पाऊस? आकाश बघा तरी!"

आम्ही टांग्यात बसलो. मी मागे वळून पाहिले नाही.

घरी संध्याकाळी लाल दिव्यात आम्ही काचा धुवायला घेतल्या. पाचवी न उघडलेली होती. मालतीने ती माझ्या नकळत बाकीच्यांबरोबर द्रावणात घातली. कोरी निघायला हवी होती. तिच्यावर हळूहळू पायऱ्या उमटल्या. पायऱ्या रिकाम्या. पाण्यात मात्र दोघे बसलेले.

मालतीने ती काच लाल दिव्याजवळ धरली. मग म्हणाली, "दादा आला. माझी भाऊबीज झाली." आणि रडली नाही. त्या रात्री तिने चंद्राला ओवाळले नाही, पुढे कधीच नाही. ती दर वर्षी त्या काचेला ओवाळी. दिगंबर पावसाळ्यापूर्वीच कॅम्पात तापाने गेला होता, हे आम्हाला नंतर कळले.

पाचवी काच म्हणजे 'एकावर एक पडलेले दोन फोटो', असे श्रीधर छापतात. ज्या काचेचे झाकण एकदाही उघडले नाही, तिच्यावर दोन कसले, एक तरी फोटो कसा पडेल? मी त्यांना समोरासमोर विचारले. ते म्हणाले, "काका, तेव्हा तुमची नजर चांगली होती ना?"

मी म्हणालो, "आजही आहे. चष्मा तुला लागलाय."

त्यावर त्यांनी चहा मागवला.

मालतीचे म्हणणे निराळे होते आणि तेही मला कधी पटले नाही. भाऊ बहिणीला भेटायला आला, यात भिण्यासारखे काय, असे ती म्हणे. तुम्ही उगाच ओढलेत, दोन शब्द तरी झाले असते. पण शब्द चालूच होते, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. माझी भीती त्याच्याबद्दल नव्हतीच. मी पायरीवरची मालती ओढून आणली. आणि मी तिला उचलल्यानंतरचीच ती काच होती, कारण तिच्यावर पायऱ्या रिकाम्या आहेत. मग पाण्यात बसून राहिली ती कोण?

मालती माझ्यासोबत म्हातारी झाली. हसली, भांडली, शेकडो फोटो रंगवले. आम्ही नद्यांवर गेलो, तलावांवर गेलो. ती काठावर वाकून हाक मारी, "अहो, या ना, पाण्यात आभाळ काय सुंदर दिसतंय!" मी दूर उभा राहून पान जमवत असे.

खुलासा मागणाऱ्यांना सांगतो, माझ्याजवळ तो नाही. मिळवण्याचा मार्ग होता, आणि तो सोपा होता. तिच्या शेजारी जाऊन एकदा खाली पाण्यात, तिच्या प्रतिबिंबाकडे पाहायचे. तिच्या मृत्यूपर्यंत मी ते पाहिले नाही.