ढोरवाट

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, मुलीला नाही; ज्याला सांगायला हवे होते त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हे कारणही मी सोयीचे म्हणून शोधून काढले? कोण जाणे. लांबण लावणे मला आवडत नाही. आज ती लागणार असे दिसते.

गोष्ट वसंताची आहे. पुण्याला आम्ही एका वर्गात होतो आणि सुट्टी मिळाली की सह्याद्रीत हिंडत असू. मी पुढे, तो मागे. ही क्रमवारी कोणी ठरवली? मीच. पुढे आम्ही दोघेही इंग्लंडला आलो; मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी धरून वॉटफर्डला स्थिरावलो. वसंता फार्मासिस्ट झाला आणि मेडनहेडच्या एका केमिस्टकडे त्याने आयुष्य काढले. निवृत्तीनंतरही ते लोक त्याला आठवड्यातले काही दिवस बोलावून घेत. कोणत्या म्हाताऱ्या बाईला कोणती गोळी चालत नाही, हे त्याला संगणक न उघडता ठाऊक असे. त्याचा त्याला अभिमान होता. दुसरा कसला अभिमान त्याने बाळगल्याचे मला स्मरत नाही.

या शतकाची पहिलीच वर्षे होती. आम्ही दोघांनी सपत्नीक जायचे म्हणून एक मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे घरच, भाड्याने घेतले आणि दक्षिणेला न्यू फॉरेस्टमध्ये गेलो. कॅम्पसाइट मी निवडली होती. ओक वृक्षांखाली गवताचा तुकडा, पाण्याचा एक नळ, बस्स. वीज नाही, शौचालय नाही. मोटरहोममधल्या संडासाची पेटी पुरुषांनी आळीपाळीने दूरच्या खड्ड्यापर्यंत नेऊन रिकामी करायची. शैलावहिनी — वसंताची पत्नी — ते पाहून म्हणाल्या, "आई-वडिलांनी विलायतेला धाडलं ते यासाठी! भावोजी, नीट धरा हं, सगळा मान त्यात आहे तुमचा." सगळे हसले. मी हसलो नसेन.

वातावरण ढगाळ होते, पाऊस मात्र नव्हता. हे का सांगतो आहे? हवेवर काही ढकलता येणार नाही, एवढ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर बायका मागे थांबल्या आणि आम्ही दोघे चालायला निघालो. न्यू फॉरेस्ट नावाला जंगल. निम्मे तर उघडे माळरान, पिवळ्या फुलांची काटेरी झुडपे, आणि त्यांतून मोकळी फिरणारी तट्टे. मी मोठा फेरा आखला होता. नकाशा माझ्या हाती होता, एकच होता. वसंताचा गुडघा दुखू लागला. तो थांबे, पक्षी पाही, पुन्हा थांबे. मला राग येत होता. त्याच्या गुडघ्याचा राग — असे म्हणणे बरोबर आहे का? त्याच्या म्हातारपणाचा असेल. आम्ही एकाच वयाचे होतो.

एका चढावर तो म्हणाला, "दत्ता, मी आपला मागे फिरतो. तू ये फेरा पुरा करून."

सह्याद्रीत वाट चुकली की ढोरवाट धरावी, हे आम्ही तरुणपणी शिकलो होतो. ढोरे संध्याकाळी गोठ्याकडे वळतात. त्यांच्या खुरांनी पडलेली वाट उशिरा का होईना, वस्तीवर आणून सोडते. या नियमाने आम्हाला अनेकदा तारले होते. त्या चढावरून उतारावर अशीच एक वाट दिसत होती, खुरांनी मळलेली, आमच्या तळाच्या दिशेने गेलेली. आलो होतो तो खडीचा रस्ता लांबचा होता. मी वसंताला ती वाट बोटाने दाखवली आणि म्हणालो, "ती ढोरवाट धर. थेट तळावर जाशील."

हे माझे शब्द. ते मी म्हणालो. नकाशा उघडून पाहिलाही नाही. पाहिला असता तर त्या उतारावर दलदल दाखवलेली दिसली असती. तिथली तट्टे गोठ्यात जात नाहीत. ती पाण्यावर जातात. गोठा असायला ती कोणाच्या दावणीला असतात? एवढे मला सुचायला हवे होते. वसंताने विचारले नाही. मी सांगितलेली वाट त्याने कधीच तपासून घेतली नव्हती.

मी फेरा पुरा करून परतलो. वसंता आलेला नव्हता. वहिनींनी विचारले, "भावोजी, हे कुठे आहेत?"

तेव्हाच, त्या क्षणी, मी नकाशा उघडला आणि सर्व काही ध्यानात आले. मग मी काय म्हणालो? "मी त्याला खडीच्या रस्त्याने परत जायला सांगितलं होतं." विचार करून म्हणालो नाही. जीभ आधी वळली. परंतु शोधायला आम्ही गेलो तेही खडीच्या रस्त्यानेच — कारण मी तसे सांगून बसलो होतो. माणूस दलदलीत असू शकेल हे मला माहीत होते आणि मी खडीच्या रस्त्यावर हाका मारीत फिरत होतो. याला तुम्ही काय म्हणाल? मी भ्याडपणा म्हणतो.

कुत्रे फिरवायला आलेल्या एका जोडप्याला तो दिसला. दलदलीत कमरेच्या वरपर्यंत रुतला होता. त्यांनी त्याला ओढून काढले आणि आपल्या गाडीतून तळावर आणले. तो थरथरत होता, ओठ निळे पडले होते. नलिनी — माझी पत्नी — त्याच्या अंगावर घोंगड्या टाकीत होती आणि वहिनी त्याला रागे भरत होत्या, "अहो, खडीचा रस्ता सोडून त्या चिखलात कशाला मरायला गेलात?"

तो माझ्याकडे पाहत म्हणाला, "दत्ता म्हणाला ना, ढोरवाट धर."

मी म्हणालो, "खडीचा रस्ता म्हणालो होतो, वसंता."

तो पाहत राहिला. त्या नजरेत आरोप नव्हता. असता तर मी कदाचित भांडलो असतो, आणि भांडणात खरे बाहेर पडते. तो स्वतःच्या आत काहीतरी शोधत होता. ते सापडले नाही. "असेल," तो म्हणाला. "माझ्याच डोक्यात दुसरं काही बसलं असेल."

इथवर मी सांगितले ते वाईटच. पण मला रात्रंदिवस टोचते ते हे नव्हे.

वसंताने केमिस्टकडचे काम सोडले. लोकांनी कारण विचारले तर म्हणे, "ज्याला वाट सांगितलेली लक्षात राहत नाही, त्याने दुसऱ्याच्या गोळ्या मोजू नयेत." गॅस बंद केला का, हे तो वहिनींना पुन्हा पुन्हा विचारू लागला. गाडी चालवणे थांबवले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि स्मृती उत्तम असल्याचे सांगितले. वहिनी आनंदाने फोनवर हे सांगत असताना मी ऐकत होतो. बोलायची ती वेळ होती. गेली.

मग एके दिवशी तो ट्रेनने वॉटफर्डला आला. एकटा. त्यासाठी त्याला किती धीर गोळा करावा लागला असेल? नलिनी बाहेर गेली होती. माझ्या स्वयंपाकघरात कोट न काढताच तो बसला.

"खरं सांग. त्या दिवशी तू नक्की काय म्हणाला होतास? मला ढोरवाट आठवते. तुझं बोट आठवतं. लख्ख."

किटली उकळत होती. मी पाठमोरा होतो.

"खडीचा रस्ता," मी म्हणालो.

त्याने कोटाची बटणे लावली. मग म्हणाला, "बरं झालं स्पष्ट बोललास. डॉक्टर, शैला — सगळे माझं मन राखतात. तू तेवढा कधी कोणाचं मन राखत नाहीस."

डॉक्टरांचे त्याने मानले नाही. माझे मानले.

पुढे काही वर्षांनी त्याचे हृदय थकले. रुग्णालयात मी भेटायला गेलो तेव्हा बोलताना त्याला धाप लागत होती, पण प्रत्येक गोळीचे नाव तो नर्सला अचूक सांगत होता. तिला बाहेर पाठवून त्याने मला जवळ बोलावले. म्हणाला, "दत्ता, एक राहून गेलं होतं. त्या सहलीचा माझ्यामुळे विचका झाला. आणि वर मी तुझं नाव घेतलं. माफ कर."

वहिनी उशाशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, "असू दे." मी त्याला माफ केले.