प्रभावतीबाईंचं जपानी

१९९८ साली अमिरातीतल्या फुजैराच्या बंदरात तेल भरायला आलेल्या जपानी जहाजावरचा आचारी पोट धरून हॉस्पिटलात आला. सुजीत शिपिंग एजंटच्या ऑफिसात नोकरीला होता, तोच त्याला घेऊन आला होता. हॉस्पिटलातूनच त्याने घरी फोन केला, "आई, जेवायला थांबू नकोस. डॉक्टर मुनीर काय विचारतायत ते या माणसाला कळतच नाहीये. फक्त जपानी येतं त्याला."

प्रभावतीबाईंनी हॉस्पिटलचं नाव विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "टॅक्सी करून येते मी."

बासष्ट वर्षांच्या बाई खाटेजवळ वाकल्या. "दोको गा इताई?" कुठे दुखतंय? आचाऱ्याने उजव्या कुशीवर हात ठेवला आणि भडाभडा बोलू लागला. त्यांना निम्मंच कळलं, पण तेवढं पुरलं. अपेंडिक्स होतं. ऑपरेशनला नेताना तो कळवळत असूनही हसला आणि काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय?" सुजीतने विचारलं.

"मी दहा वर्षांच्या मुलीसारखं बोलते म्हणे."

बाहेरच्या बाकावर त्यांनी सुजीतला सगळं सांगितलं. वडील मोरिता, मुंबईत कापसाच्या पेढीवर कारकून, आई गिरगावची. जपान युद्धात उतरला आणि पोलीस तिघांनाही घेऊन गेले. आधी दिल्लीच्या जुन्या किल्ल्यात तंबू, मग राजस्थानात देवलीला काटेरी तारांच्या आत. वडील तिथेच उन्हाळ्यात गेले. जपानी पक्कं झालं ते तिथल्या जपानी पोरांत राहून. दहाव्या वर्षी सुटल्यावर मामांनी मायलेकींना घरी आणलं, फुमिकोची प्रभावती केली. तरी शाळेत डबा खाताना पोरी लांब सरकायच्या.

"बाबांना माहीत होतं?"

"लग्नाआधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, मुलांना कशाला?"

"म्हणजे चाळीस वर्षं मला आजोबांचं नाव खोटं सांगितलंस?" दोन दिवस सुजीत धड बोलला नाही. त्याची मुलगी इशिता मात्र आजीच्या मागेच लागली. "बट यू वेअर ओन्ली फाइव्ह, आजी! व्हाय लॉक यू अप?"

"बाप जपानी, म्हणून."

शुक्रवारी सुजीतने आपणहून गाडी काढली आणि आईला हॉस्पिटलात नेलं. आचारी उठून बसला होता. जपानी आधी कोणी शिकवलं, असं त्याने विचारल्यावर बाईंनी वडिलांचं नाव सांगितलं, सुजीतसमोर, मोठ्याने.

पुढे सुजीतची दुबईला बदली होईपर्यंत, जपानी खलाशी आजारी पडला की हॉस्पिटलातून बाईंना फोन यायचा. कुठे शिकलात, असं कोणी विचारलं तर त्या सांगायच्या, "कैदेत."