भांडण मिटवू नका

बाई शाळेतून निवृत्त झाल्या, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता. वॉशिंग मशीन विकणाऱ्या एका कंपनीने आपल्या तक्रार विभागाला गोष्टी लिहायला शिकवण्यासाठी त्यांना बोलावलं, तेव्हा घरचे हसले, "तिथे कोण लिहिणार?"

"मी शिकवणार म्हटल्यावर न लिहून सांगतात कुणाला!" बाई म्हणाल्या.

दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीनंतर वर्ग भरायचा. पहिल्याच दिवशी बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. कुणाच्याच गोष्टीत भांडण दुसऱ्या ओळीपलीकडे टिकेना. घरात चोर शिरला, की मालक म्हणे, "आपली अडचण समजली." दोघी जावा कंबर कसून उभ्या राहिल्या, की थोरली लगेच दिलगिरी व्यक्त करून मोकळी. दिवसभर फोनवर संतापलेल्या गिऱ्हाइकांना शांत करणारी माणसं ही. कागदावरही त्यांना राहवेना.

"अहो, भांडू द्या की त्यांना!" बाई कडाडल्या. "पान भरेपर्यंत कुणी माफी मागायची नाही."

या साऱ्यांचे गुरू म्हणजे बर्फदादा. शिव्या घालणारं गिऱ्हाईकही शेवटी त्यांचे आभार मानून फोन ठेवायचं. एकदा वर्ग सुटल्यावर ते मागे रेंगाळले. त्यांच्या मुलीने दूरच्या शहरात नोकरी धरली, हे तिने घरी सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "ठीक आहे, तुझी अडचण समजली." ती गेली ती गेलीच. कित्येक महिन्यांत फोन नाही.

"बाई, मला तिच्यासाठी काहीतरी लिहायचंय."

पुढच्या बुधवारी वर्ग संपल्यावर त्यांनी बाईंना वाचून दाखवलं. गोष्टीतला बाप दार अडवून उभा होता, मुलीची बॅग ओढत होता, तोंडाला येईल ते बोलत होता. पान संपलं तरी माफी नव्हती. बाईंना भरून आलं, पण शाबासकी काही त्यांनी दिली नाही.

"हे मला कशाला ऐकवताय? तिला फोन लावा."

"आत्ता?"

"मग काय, पुढच्या जन्मी?"

दादांनी फोन लावला आणि सवयीने स्पीकरही चालू केला. पलीकडून मुलीचा कोरडा आवाज आला, "बोला." दादांच्या तोंडून आपसूक निघालं, "झालेल्या गैरसोयीबद्दल..."

बाईंनी टेबलावर डस्टर आपटलं.

"अगं, अक्कल आहे का तुला?" बर्फदादा गरजले. "निघून काय गेलीस सरळ! घर खायला उठतंय इथे!"

शेजारच्या खोलीतलं बोलणं थांबलं. साहेब धावत आले. या विभागात आजवर कुणाचा आवाज चढला नव्हता.

"गृहपाठ तपासतेय," म्हणून बाईंनी त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं.

आपण ओरडलो हे ध्यानात आलं, तसा दादांचा चेहरा पडला. आता ते माफी मागणार, एवढ्यात बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

मग मुलगी बोलली, रडतच. "किती वेळ दारात उभी होते मी, बाबा. तुम्ही एकदा तरी नको म्हणाल म्हणून."

"मग आता म्हणतोय ना!" दादा ओरडले. "ऐकू येतंय का? नको जाऊस!"