चार हातांचं जायफळ

आमच्या घराण्यात झोप नाही.

कुणाच्या घराण्यात टक्कल असतं, कुणाच्या डायबिटीस असतो, तसं आम्हा साळव्यांच्या घराण्यात जागरण आहे. आजोबा रत्नागिरीला रात्र रात्र अंगणात येरझाऱ्या घालायचे. त्यांच्याकडून ते पप्पांकडे आणि आत्याकडे आलं, आणि पप्पांकडून थेट माझ्याकडे. आई माहेरून छान झोपणारी आली होती. पण रात्री तीन माणसं अंधारात चवड्यांवर चालतायत, "कुणी झोपलं असेल तर जाग यायला नको" म्हणून भांडीसुद्धा श्वास रोखून उचलतायत, अशा घरात तिचा तरी निभाव कसा लागणार?

पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या बिल्डिंगला मात्र याचा भलताच फायदा होता. तेव्हा पाणी यायचं ते पहाटे, त्याच्या मर्जीनं, आणि आलं की लगेच पंप लावायला लागायचा. वॉचमन झोपायचा (त्याच्या घराण्यात झोप होती!), म्हणून पंपाची किल्ली आमच्याकडे. पप्पा पंप लावायचे आणि आत्या मजल्यामजल्यावर बेल वाजवत "पानी आया!" करत फिरायची. कुणाला पहाटेचं विमान असलं, कुणाचं बाळंतपण जवळ आलं, की निरोप आमच्याकडे. समोरच्या शहाभाभी तर कौतुकानं सांगायच्या, "अलार्म बंद पड सकता है, साळवीभाई नहीं!"

हे कौतुक लग्नाच्या बाजारात चालत नाही, हे मला सत्ताविसाव्या वर्षी कळलं. विरारचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मुलाच्या मावशीनं सहज विचारलं, "घराण्यात काही आजार वगैरे?" मी नाही म्हणायच्या आत आत्या ताठ बसली. "आजार? छे! आमच्यात कुणी झोपतसुद्धा नाही!" वर आजोबांच्या येरझाऱ्या हातवारे करून दाखवल्या. तिसऱ्या दिवशी नकार आला. मी उशीत तोंड खुपसून रडले आणि अर्थातच रात्रभर जागी राहिले.

तेव्हापासून मला धास्तीच बसली. आरशात डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघायची, त्या काळजीनं झोप उडायची, की वर्तुळं अजून काळी. शेवटी आईनं मला जवळच्याच बेव्हर्ली पार्कमधल्या डॉक्टरांकडे नेलं. मी हळूच विचारलं, "डॉक्टर, हे रक्तातच असतं का? म्हणजे... पुढे मुलांनाही?"

"बऱ्याचदा घराण्यात असतं," डॉक्टर म्हणाले. "पण तुमच्या बाबतीत निम्मी काळजीच आहे. चहा कमी करा, आणि रात्री दुधात चिमूटभर जायफळ घालून घ्या. चिमूटभर!"

आणि नेमकं त्याच आठवड्यात समीरचं स्थळ आलं. मुलगा ठाण्याचा, कॉम्प्युटरमधला, फोटोत शांत दिसणारा. खरं सांगते, मला तो फोटोतच आवडला होता. रविवारी अकराला येतो म्हणाले. घरात वटहुकूम निघाला: आत्यानं तोंड उघडायचं नाही, आणि शनिवारी सगळ्यांनी जायफळाचं दूध पिऊन झोपायचं, म्हणजे सकाळी चौघंही टवटवीत!

आईनं संध्याकाळीच दूध तापवलं, चिमूटभर जायफळ घातलं आणि झाकून ठेवलं. आत्याचा आईच्या हातावर कधीच विश्वास नव्हता. "ही घालून घालून किती घालणार!" असं मनात म्हणत तिनं सहाणेवर अर्धं जायफळ उगाळून पातेल्यात ढकललं. पप्पांचा दोघींवरही नव्हता, म्हणून उरलेलं अर्धं त्यांनी उगाळून घातलं. मी आपली डॉक्टरांचं ऐकणारी मुलगी, म्हणून फक्त एक चिमूट घातली (बरं, तीन!). कुणी कुणाला विचारलं नाही. आमच्या घरात विचारत नाहीत. उगाच समोरच्याला काळजी लागून त्याची झोप उडायची!

दूध जरा कडू लागलं. "औषध आहे, कडू लागणारच," पप्पा म्हणाले. आम्ही पेले चाटूनपुसून रिकामे केले.

त्यानंतरचं मला आठवतं ते एकदम ठणठणाट. वाटलं, देवळातली घंटा वाजतेय. मग वाटलं, भूकंप झालाय. मग कळलं, आमचं दार कुणीतरी बादलीनं वाजवतंय. डोकं दगडासारखं जड झालं होतं आणि जीभ टाळ्याला चिकटली होती. गाऊनवर ओढणी टाकली (उलटी), भिंतीला धरत धरत गेले आणि दार उघडलं.

समोर अख्खी बिल्डिंग! प्रत्येकाच्या हातात रिकामी बादली. सगळ्यांत पुढे रडवेल्या शहाभाभी. आणि त्यांच्या मागे, मिठाईचा बॉक्स छातीशी धरून, समीर आणि त्याचे आईवडील.

मी गोड हसले आणि म्हणाले, "पाणी आलं?"

"आके गया भी!" शहाभाभी ओरडल्या. "पूरी बिल्डिंग सूखी है! हमको लगा गॅस लीक हुआ, तुम चारों..." आणि त्यांनी मला घट्ट मिठी मारली. मग त्या समीरच्या आईंकडे वळल्या. "आंटी, क्या बताऊं, ये लोग तो कभी सो..."

"भाभी!" मी किंचाळले. "बादली द्या, आमच्या पिंपात आहे पाणी, घेऊन जा सगळं!"

तेवढ्यात पाहुणे आत आले. सोफ्यावर पप्पा, बनियनमध्ये, एक पाय खाली आणि तोंड उघडं. त्यांच्या घोरण्यानं शोकेसच्या काचा थरथरत होत्या. देवासमोर आत्या, बसल्या जागी, हातात माळ, हनुवटी छातीला टेकलेली. (तिनं तोंड उघडायचं नाही, एवढी एकच गोष्ट ठरल्याप्रमाणे झाली.) स्वयंपाकघरात आई ओट्याला डोकं टेकवून गाढ झोपली होती आणि शेजारी भिजवलेल्या पोह्यांचा चांगला जाड लगदा झाला होता. मला वाटलं, धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. संपलं, हेही स्थळ गेलं!

समीरची आई मात्र पप्पांच्या समोर खुर्ची ओढून बसली आणि त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली.

"रोज अशीच झोप लागते का हो यांना?" तिनं विचारलं.

"आं... हो," मी म्हणाले.

"आणि त्या बाईंना? बसल्या बसल्या?"

"त्यांना तर... कुठेही."

ती नवऱ्याकडे वळली. "बघितलंत? याला म्हणतात घराणं!"

मला काहीच कळेना. चहा ठेवायच्या निमित्तानं मी पळाले, तर समीर मागोमाग आला आणि गॅलरीच्या दारात अवघडून उभा राहिला. म्हणाला, "तुम्ही लकी आहात. एवढं दार वाजवलं तरी जाग नाही!" त्याच्या आवाजात चक्क हेवा होता. तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, अगदी माझ्या मापाची.

खोटं बोलून हा माणूस मिळवला तर उरलेल्या झोपेचीही वाट लागणार होती. मी सगळं सांगून टाकलं. आजोबा, विरार, पंप, जायफळ, सगळं. बोलता बोलता रडायलाच आलं.

तो हसायला लागला. "आमच्याकडे मी, बाबा आणि काका. रात्री तिघं पत्ते खेळत बसतो. आई म्हणते, मी झोपणाऱ्या घरातलीच सून आणणार, नातवंडं तरी झोपू देत!" मग आत डोकावत त्यानं आवाज खाली आणला. "आईला मात्र यातलं काही सांगू नका. फार वर्षांनी खूश दिसतेय."

लग्न झालं. सासूबाई सगळ्या नातेवाइकांना सांगत फिरल्या, "सुनेच्या माहेरी वरात दारात आली तरी कुणी उठणार नाही, इतकी शांत माणसं!" पुढे आम्हाला मुलगी झाली. नाक समीरचं, हनुवटी माझी, आणि झोप दोन्हीकडची, म्हणजे मुळीच नाही. तिला घेऊन आम्ही त्याच डॉक्टरांकडे गेलो. सोबत सासूबाई आणि आत्या.

"घरात कुणाला आहे का हा त्रास?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे!" समीर म्हणाला.

"आमच्यात नाही!" सासूबाई म्हणाल्या. "आणि यांच्याकडचे तर मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेत!"

आत्या पहिल्यांदाच गप्प बसली. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्या रविवारनंतर तीन दिवस झोकांड्या खाणाऱ्या पप्पांना मी त्यांच्याकडेच नेलं होतं, त्यामुळे त्यांना सगळं ठाऊक होतं.

"काळजी करू नका, मोठी होईल तशी झोपेल," ते म्हणाले. "आणि रात्री दुधात सहाणेवर जायफळाचा एकच वेढा उगाळून द्या. फक्त एक करा. घरातल्या कुणातरी एकानंच घाला."

सासूबाई एकदम पंख्याकडे बघायला लागल्या. आत्यानं पदर सारखा केला. समीरला खोकला आला.

"आज कुणी घातलंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

तिघांनीही हात वर केले. मी नाही केला. माझ्या कडेवर लेक होती ना, आणि ती केव्हाच घोरायला लागली होती!