अंजीरवाल्यांची सोयरीक

"भाऊ-बहीण लागत्यात ही दोघं! उठा पाव्हणं, उठा! ह्ये लगीन व्हायचं न्हाई!"

आमचे थोरले बंधू, म्हणजे आबा, मोशीत नुसते खोकले तरी चाकणच्या कंपन्यांत शिफ्ट सुटली असं समजून लोक डबे आवरायला लागतात. त्या रविवारी तर ते ओरडत होते. आमच्या सोसायटीची लिफ्ट घाबरून पाचव्या मजल्यावर जी थांबली, ती दिवस मावळेपर्यंत खाली यायला तयार नव्हती.

पाव्हणा म्हणजे फ्रान्सचा पोरगा. चाकणच्या ज्या कंपनीत माझी लेक गाड्यांची डिझाइनं करते, तिथंच तो इंजिनिअर. दोघांनी लग्नाचं ठरवलं, मी आणि माझी बायको हो म्हणालो, राहिले होते फक्त आबा. आणि लेकीनं बजावून सांगितलं होतं, "आबा अक्षता टाकणार असतील तरच. नाहीतर मी लग्नच करत नाही." आबांच्या खांद्यावर बसून तिनं आमचं अख्खं शिवार पाहिलंय. त्या शिवारावर आता टॉवर उभे आहेत, पण खांदा अजून तोच आहे.

आबांनी अट एकच घातली होती. "गोरा का काळा, त्ये मी इचारनार न्हाई. आडनाव कुठलं, मूळ गाव कुठलं, कुठनं कसं आलं, येवढं सांगा."

ते आडनाव मी इथं लिहीत नाही. लिहायला ते हातभर लांब आहे, बोलताना त्यातलं वीतभरच तोंडातून येतं, थोडं नाकातून जातं आणि बाकीचं फ्रान्सलाच राहतं. पण पोरगा तयारीनं आला होता. बायकोनं मांडलेल्या फराळाचाच त्यानं नकाशा केला. चिवड्याची ताटली म्हणजे दक्षिणेकडचं डोंगराकडेचं मूळ गाव, शेवेची वाटी म्हणजे उत्तर, मधली चकली म्हणजे नदी. तो इंग्रजीत सांगायचा, लेक मराठीत करायची.

"यांची पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षाची बाग होती, आबा. मग ती सोडून उत्तरेला कोळशाच्या खाणीत गेले."

"म्हंजे जमीन इकली?"

"वेलींवर रोग पडला."

"आरारारा. औषिद न्हाई मारलं?"

"तेव्हा औषध सापडलं नव्हतं. खाणीवरच्या कारकुनाला आडनाव नीट लिहिता येईना, म्हणून त्यानं शेवटचं अक्षर कापलं. पुढं पणजोबांनी खाण सोडली आणि ते मोटारीच्या कारखान्यात लागले."

"पर्मनंट?"

"पर्मनंट."

आबांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, आता हे पणजोबांना युनियनच्या निवडणुकीला उभं करतात. "मंग आपल्यातलंच की राव! रानातनं कंपनीत. आनि आता त्येंचा पणतू हितं आपल्या कंपनीत. ब्येस." त्यांनी स्वतःच्या हातानं पाव्हण्याला लाडू दिला. सगळं जमलं होतं. तेवढ्यात जाता जाता त्यांनी विचारलं, "आन आडनावाचा अर्थ काय म्हनायचा?"

लेक कौतुकानं म्हणाली, "अंजिराच्या झाडापाशी राहणारे. त्यांच्या मूळपुरुषाचं घर अंजिराखाली होतं."

आणि आबा ओरडले.

त्याचं कारण आमचं देवक. देवक म्हणजे कुळाची राखण करणारं झाड, पीस, काहीही. लग्नात आधी त्याची पूजा होते. ज्यांचं देवक एक, ते एका रक्ताचे, त्यांच्यात सोयरीक होत नाही. आमचं देवक उंबर. आणि अंजीर-उंबर एकाच कुळीचे, हे आबांना कुणी शिकवायची गरज नव्हती. "दोगांच्या बी फांदीला फळ दिसतं, फूल दिसत न्हाई. सख्खी चुलत झाडं हायती ती!"

"आबा," लेक रडवेली झाली, "चिंचवडला राहणाऱ्यांचं देवक काय चिंच असतं?"

"त्ये गावाचं नाव झालं. हितं मूळपुरुष झाडाखाली बसला न् त्येचंच नाव लावलं. देवक न्हाई तर काय मंग?"

पाव्हणा अर्धा लाडू हातात धरून एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. माझ्या बायकोनं पदर डोळ्याला लावला. लेक उठून खिडकीशी गेली.

पण मी आबांना त्यांच्याइतकाच ओळखतो. रस्ता रुंद करायला आले तेव्हा आमच्या बांधावरच्या उंबरासाठी याच माणसानं जेसीबीवाल्याला इतका चहा पाजला, की शेवटी रस्ताच वाकला. त्या वळणावर गाड्या अजून हॉर्न मारतात. उंबराची वाळकी काटकीसुद्धा आमच्या चुलीत कधी गेली नाही, फळ तर जिभेला लागलं नाही. मी अगदी गरीब तोंड केलं आणि लेकीला म्हणालो, "अगं, विचार तर खरं. झाडाला अंजिरं धरली की हे लोक त्यांचं करतात काय?"

पोरग्याचा चेहरा उजळला. दोन्ही हातांनी हवेतच पातेलं ढवळत तो बराच वेळ बोलला.

"आजी जॅम करते," लेक हळूहळू सांगू लागली. "आणि जुनं झाड वाऱ्यानं पडलं, ते आजोबांनी फोडून शेगडीत घातलं."

आबा खाली बसले. "खात्यात?"

"आवडीनं."

"जाळलं बी?"

"अख्खा हिवाळा."

आबांनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली. "मंग न्हाई. सोताचं देवक कुनी खात न्हाई, जाळत तर मुळीच न्हाई. ह्ये नुसतं आडनाव हाय. बसा, पाव्हणं, बसा!" तरी खातरजमा केल्याशिवाय सोडतील ते आबा कसले? जॅमला साखर किती, साल काढतात की ठेवतात, बरणीत किती दिवस टिकतो, हे त्यांनी फिरवून फिरवून विचारलं. साक्षीत फट सापडली नाही, तेव्हा कुठं त्यांनी पोरग्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथंच लग्नाचा महिना काढला.

त्या क्षणी मी छातीनं दोन शर्टांची बटणं तोडली असती, अंगात एकच होता म्हणून दुसरा वाचला. पाव्हणा गाडीत बसायला गेला, तसा लेकीला बाजूला घेऊन म्हणालो, "बघितलंस बापाचं डोकं? आमच्या जावयाला नीट समजावून सांग, आज तो कशातून सुटला ते."

"त्याला वाटतंय, आबांना जॅम हवाय," लेक म्हणाली. "दोन बरण्या मागवल्यात त्यानं."