स्क्रीनवरचं गंध

पंचगंगा घाटावर गंगास्नान आटोपून दामूअण्णा ऑफिसात आले, की आधी गणपतीला गंध लावायचे आणि मग त्याच बोटाने कॉम्प्युटरच्या स्क्रीनला. खाली डाव्या कोपऱ्यात, नेमकं स्टार्टच्या बटणावर. काशीत कशालाही गंध लावलं तरी कुणाला नवल वाटत नाही. आमच्या गल्लीत स्कूटरच्या दिव्यालाही टिळा असतो. "कामाचा श्रीगणेशा जिथून, तिथे गंध," असं अण्णा सांगायचे आणि यात्रेकरूंना ते फार आवडायचं.

दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या यात्री-निवासात महाराष्ट्रातून आलेली मंडळी उतरतात. अण्णा तिथले व्यवस्थापक, मी त्यांची मदतनीस. माझं उभं तारुण्य त्यांच्या हाताखाली गेलं. माणूस प्रेमळ, पण हेकट. खोल्यांसाठी आलेला प्रत्येक मेल मला मोठ्याने वाचायला लावायचे. "तू वाच, सुनंदे, मी सुनतो. डोळ्यांपेक्षा कान पक्के." मला तो साहेबी थाट वाटायचा आणि मी मनातल्या मनात धुसफुसायचे.

गेल्या वर्षी जुनी सिस्टीम बंद होणार म्हणून नवी घालायला मिश्राजी आले. माझ्या कॉम्प्युटरवर काम झालं. अण्णांनी मात्र आपल्या कॉम्प्युटरवर पंचा टाकून ठेवला.

"ठीक चल रहा है न, मिश्राजी? फिर काहे छेड़छाड़?" आणि माझ्याकडे वळून, "विकतचं दुखणं आहे हे!"

मिश्राजी पुन्हा आले तेव्हा पितृपक्ष होता. पितृपक्षात नवं काही करायचं नाही. तो संपला तर अमुक वार, मग अमावास्या. मिश्राजी बनारसचेच, त्यामुळे बिचारे हात जोडून परत जायचे. शेवटी निवास चालवणाऱ्या ट्रस्टच्या अध्यक्षांचा निरोप आला: शिका, नाहीतर घरी बसा. अण्णा एकटे राहत. ऑफिस सुटलं तर या माणसाने दिवसभर करायचं काय? मला त्यांची काळजी वाटत होती आणि रागही येत होता.

एका दुपारी अण्णा जेवायला गेले असताना मिश्राजींनी काम उरकलं आणि जाताना स्क्रीनही लख्ख पुसून गेले. अण्णा आले. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. ते नुसते बसले. हात सवयीने डाव्या कोपऱ्याकडे गेला. तिथे काहीच नव्हतं.

"अण्णा, बटण आता मधे आलंय. ती चित्रांची रांग आहे ना, त्यातलं पहिलं."

ते वाकले. नाक काचेला टेकलं.

"कुठली रांग ग?" त्यांनी हळूच विचारलं.

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "कधीपासून असं होतंय?"

"झाले बरेच दिवस. गंधाचा ठिपका तेवढा दिसायचा, बाकी हात अंदाजाने जायचा. बाबांचे डोळे काचबिंदूने गेले. माझंही तेच आहे. डॉक्टर आणखी काय सांगणार?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले.

"मोतियाबिंद है, चाचा. पक गया है. निकाल देंगे, दिखने लगेगा."

"सिर्फ मोतियाबिंद?"

"सिर्फ मोतियाबिंद."

अण्णांनी माझा हात घट्ट धरला. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी तिथल्या बाकावर बसूनच घेतलं.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होऊन अण्णा कामावर आले. नवी सिस्टीम त्यांनी कुरकुरत का होईना, एका सकाळीत आत्मसात केली. "बटन बीच में! ही काय रीत झाली?" एवढं बोलून झालं. मग आलेला मेल स्वतः वाचला, मोठ्याने, मला ऐकवत. उत्तरही स्वतःच लिहिलं. नंतर चष्मा सारखा करून माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिले.

"सुनंदे, अग, तुझे केस केव्हा पांढरे झाले?"

"झाले बरेच दिवस," मी म्हटलं, आणि हसता हसता मला रडूच आलं.